पारचं शेत, अलीकडचा मोक्ष

आमच्या घरात जगायची फारशी हौस कुणाला नव्हती, मरायची मात्र सगळ्यांना होती. म्हणजे लगेच नव्हे. पण मरायचं ते इथेच, रामघाटावर, आपल्या घरात, तोंडात गंगाजल घेऊन, हे पक्कं ठरलेलं होतं, आणि त्याच्या आड येईल असं काही करायला घरातला एकही पुरुष तयार नसे. काशीत मरण आलं की स्वतः शंकर येऊन कानात मंत्र सांगतो आणि माणूस सुटतो. पुन्हा जन्म नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर जो मरतो तो मात्र गाढवाच्या जन्माला जातो. एवढी एक नदी ओलांडायला शंकराला काय जड होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. आजोबांना विचारलं तर म्हणत, शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात, असं विचारायची आमच्याकडे रीत नव्हती.

आता गंमत बघा. आमच्या पोटात जाणारा दाणा न् दाणा त्या पलीकडच्या काठावरून येत असे. फार पूर्वी दक्षिणेतला कुणी सरदार आईचं श्राद्ध करायला आमच्या पणजोबांकडे उतरला होता. श्राद्ध असं काही उत्तम झालं म्हणे, की त्याने खूश होऊन सारामाफीची जमीनच दान देऊन टाकली. आमच्या लोकांनी पाणी सोडून दान घेतलं, तोंड भरून आशीर्वाद दिले, आणि सरदार दक्षिणेकडे निघून गेल्यावर जमीन कुठे आहे याची चौकशी केली. ती निघाली पार. धर्माच्या गाईचे दात मोजत नाहीत, त्यामुळे सगळे गप्प बसले. तेव्हापासून त्या गावाचं नाव घरात कुणी घेत नसे. नुसतं 'पार' म्हणायचं. पारचा तांदूळ, पारचे हरभरे, पारचा गूळ. दोन्ही वेळा चित्राहुती घालून आमचे पुरुष तोच पारचा भात आवडीने खात. भात खाल्ल्याने कुणी गाढव होत नाही, हेही बहुधा शास्त्रात असावं.

आजोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काशीची शीव मरेपर्यंत ओलांडायची नाही. त्यामुळे ज्या जमिनीच्या जिवावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं ती जमीन त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. गच्चीवर उभं राहिलं की नदी, नदीपलीकडे पांढरी वाळू आणि वाळूमागे हिरवी रेघ दिसे. त्या रेघेकडे बोट दाखवून ते आल्यागेल्याला सांगत, ते आपलं शेत. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी चढतो. आमचे आजोबा गच्चीवरून शेती करत.

शेत कसायचा एक कोइरी, म्हणजे तिकडचा माळी. त्याचा बाप, आजा सगळे तेच शेत कसत आले होते. पद्धत बटाईची. पीक कापून खळ्यावर आणायचं, मळणी करायची, वाऱ्यावर धरून भुसा काढायचा, आणि मग रास घालून कोइऱ्याचं अर्धं, आमचं अर्धं. वाटणीच्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी समोर हजर असायला हवं. तिथेच घोडं अडायचं. दर सुगीला घरात एक मोठी पंचाईत उभी राही, ती म्हणजे पार जायचं कुणी. माझ्या वडिलांना नेमकी तेव्हाच पाठशाळेत परीक्षा असे. काकांचं पोट बिघडे. शेवटी कुणी तरी निघे, तो असा निघे की बायकांनी दारात उभं राहून डोळे पुसावेत. बरोबर गंगाजलाचा लोटा, कमरेला तुळशीचं पान, खायला घरच्या दशम्या. सूर्य बुडायच्या आत परत यायचं, कारण रात्री माणूस झोपतो आणि झोपलेल्या माणसाचा काय भरवसा. काकांना एकदा खळ्यावर उचकी लागली. ती थांबेना, तेव्हा ते वाटणी सोडून जे पळाले ते थेट होडीत येऊन बसले, आणि नदीच्या मध्यावर आल्यावर उचकी थांबली. हा गंगामाईचा प्रताप म्हणून त्यांनी घरी सत्यनारायण केला. तांदूळ त्या वर्षी निम्माच आला. होडीवाला मल्लाह तर परतीचा भाव आमच्या खोकल्यावर ठरवायचा.

आणि कोइरी काही खुळा नव्हता. सकाळपासून तो आमच्या माणसाची, म्हणजे 'महाराजां'ची, सरबराई करी. ऊस सोलून आणे, सावलीत खाट टाके, बैल दमलेत म्हणे, वारा पडलाय म्हणे. ऊन कलायला लागलं की रास घालायला सुरुवात होई. जरा मोजमाप होतंय न होतंय तोच तो हात जोडून फार काळजीने सांगायचा, "महाराज, सूरज डूबत बा." की आमचे महाराज धोतर सावरत वाळूकडे धावत सुटायचे. उरलेली रास मागाहून पोचवतो असं कोइरी म्हणे, आणि काही तरी पोचवीही. आमच्या मोक्षाचा हप्ता आम्ही दर सुगीला असा तांदळात भरत होतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि उसाऐवजी बासुंदी दिली असती.

एका वर्षी होळीच्या आतच तांदूळ संपला. दक्षिणेकडून यात्रेकरू कमी आले होते, त्यामुळे दक्षिणाही आटलेली. तेव्हा घरात पहिल्यांदा असं निघालं की पार कुणीतरी राहायलाच जायला हवं, निदान मळणी ते वाटणी. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि बघता बघता सगळ्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबली. तिथे आत्या उभी होती.

आत्या म्हणजे वडिलांची आणि काकांची थोरली बहीण. सासर बघायच्या आधीच तिचा नवरा वारला होता. तेव्हापासून ती आमच्याकडेच. डोकं भादरलेलं, अंगावर लाल आलवण, पहाटे नदीवर अंघोळ, मग सोवळ्यात सगळ्या घराचा स्वयंपाक आणि एक वेळ जेवण. पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने यायचा. तो आला की आत्या पाटावर जाऊन मान खाली घालून बसे. एरवी तिची जीभ तिखट होती, पण त्या वेळी ती काही बोलत नसे, आणि त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडे. ते का, हे कळायचं माझं वय नव्हतं. घरात इतकी मोठी माणसं होती, त्यांचं मात्र होतं.

आजोबांनी तिला समोर बसवून शास्त्रार्थ सांगितला. स्त्रीची गती पतीबरोबर असते. पती काशीतच वारला, तेव्हा त्याचं झालेलंच आहे. मग तिला पार जायला तसा अडसर नाही. म्हणजे सरळ भाषेत सांगायचं तर घरात एकाला गाढव करायची वेळ आलीच, तर आत्याच्या बाबतीत फारसा फरक पडणार नव्हता. सोबत कुणी तरी हवं म्हणून मला धाडायचं ठरलं. मी पोरगी होते, माझी गती माझ्या होणाऱ्या नवऱ्याने बघायची होती. आत्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की खिचडीचं भांडं नेऊ की तिकडे आहे. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून काकांनी त्या दिवशी दोन वाट्या खीर जास्त खाल्ली.

पारला पोचलो त्या दिवशीचं मला चांगलं आठवतं. कोइऱ्याने रिवाजाप्रमाणे ऊस सोलला, खाट टाकली, वारा पडल्याचं सांगितलं. आत्या खाटेवर बसलीच नाही. ती राशीपाशी जाऊन मांडी घालून बसली. ऊन कललं. कोइरी आला, हात जोडले आणि म्हणाला, माईजी, सूरज डूबत बा. आत्याने मान वळवून सूर्याकडे बघितलं.

"बुडू दे," ती म्हणाली. "तो रोजच बुडतो."

कोइऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन पिढ्यांचं हुकमी हत्यार असं बोथट होताना माणसाला कसं वाटतं ते मी तिथे पाहिलं. रात्री आम्ही खळ्यालगतच्या पडवीत झोपलो. मी घाबरून आत्याला चिकटले होते. गाढव झालो तर काय, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, झोप गुपचूप, सकाळी शेपूट आलं तर बघू. सकाळी शेपूट आलं नव्हतं.

त्या वर्षी तांदूळ पुरून उरला, आणि मग काय, गरज सरो वैद्य मरो असं होईना. मळणीला जायची ती आत्या मग गुऱ्हाळालाही जाऊ लागली, गुऱ्हाळानंतर हरभऱ्याला, आणि हळूहळू ती तिकडेच राहायला लागली. कोइऱ्याने तिला एक खोली सारवून दिली, आणि सुगीसुगीला मला सोबतीला धाडत. घरून निरोप जाई, की आता ये. तिचा उलट निरोप येई, की मटार आलेत. मटाराचं तिला वेडच लागलं होतं. शिजवलेल्या अन्नाला सोवळं-ओवळं, एक वेळ-दोन वेळ. कच्च्या मटाराला कसला विटाळ? ती बांधाबांधाने हिंडायची आणि दिवसभर शेंगा फोडून खायची. आमच्या घरात जन्मभर एक वेळ जेवलेली बाई.

ती काही तिथे जाऊन शेतीतली मोठी जाणकार झाली असं कुणी समजू नये. पहिल्या वर्षी तिने हट्टाने कोथिंबीर पेरायला लावली, ती सगळी पाण्यात कुजली. कोइऱ्याशी तिचं रोज भांडण. तो राशीतून टोपलं सरकवायचा, ती त्याच्या ढिगातून सूप ओढायची, आणि दोघंही दुसऱ्याला चोर म्हणायची. पण दुपारी दोघं एकाच झाडाखाली, सोवळ्याचं अंतर राखून, तंबाखू मळत बसलेली असत. तंबाखू घरी कळू द्यायची नाही असं तिने मला बजावलं होतं. कळवून तरी काय, घरातले सगळे पुरुष मळत होते.

चांगल्या काळ्या तुकड्यात अफू असे. ती आमची नव्हे, सरकारची. पेरायच्या आधी सरकार कोइऱ्याच्या हातावर उचल ठेवी, आणि पीक आलं की सगळा चीक सरकारनेच सांगितलेल्या भावाने सरकारलाच घालायचा. दुसऱ्या कुणाला विकला तर तुरुंग. दूरच्या कुठल्याशा चिनी लोकांना झोपवायचं सरकारने ठरवलं होतं, आणि त्यासाठी आमच्या कोइऱ्याला अंधारात उठावं लागे. दुपारी बोंडांना चिरा पाडायच्या, रातभर चीक झिरपू द्यायचा, ऊन वर यायच्या आत खरवडून घ्यायचा. फुलांच्या पाकळ्याही वाया जात नसत. बायका त्या गोळा करून मातीच्या तव्यावर पसरत आणि ओल्या फडक्याने दाबून त्यांच्या पातळ पोळ्या करत. अफूचे गोळे गुंडाळायला त्या सरकारात जात. आत्याला भाकरीचा हात होता, तिच्या पोळ्या अशा गोल आणि एकसारख्या होत की गावातल्या बायका बघायला येत. आमच्या घराण्यात वेदशास्त्रसंपन्न पुष्कळ झाले, पण इंग्रज सरकारसाठी पोळ्या भाजणारी ती एकटीच.

गावात तरणे पुरुष कमीच. कुणी कलकत्त्याला गिरणीत, कुणी गिरमिटावर, म्हणजे कराराने परमुलखात मजुरीला. कोइऱ्याचा धाकटा असाच एका दलालाच्या नादाने अंगठा देऊन बसला आणि जहाजात चढून कुठल्या तरी बेटावर ऊस तोडायला गेला. घरी ऊस होताच, पण तो तोडायला बेटावर जावं लागत नव्हतं, हीच त्यात खोट. समुद्र ओलांडला म्हणून गावाने त्याला जातीबाहेर काढलं. त्याची आई रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून वाट बघायची. आत्या तिच्या शेजारी जाऊन उभी राही. ती काय बघत होती कुणास ठाऊक, तिचं तर कुणी गेलेलं नव्हतं.

गावच्या जमीनदाराचा कारिंदा, म्हणजे कारभारी, एकदा ऐन मळणीत आला. कुणी साहेब शिकारीला येणार होता, त्याचे तंबू वाहायला गाडी-बैल फुकट द्यायचे असा हुकूम. कोइरी लागला हातापाया पडायला. आत्या जाऊन गाडीत बसली, लाल आलवणासकट. आता सरकारी कामाला निघालेल्या गाडीत बोडकी विधवा म्हणजे केवढा अपशकुन. कारिंद्याने जरा वेळ वाट बघितली, कपाळाला हात लावला आणि दुसऱ्याच्या दारात गेला. ज्याच्यापायी घरातल्या लग्नकार्यात तिला माजघरात कोंडून ठेवत, तेच तिने तिथे हत्यारासारखं वापरलं. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला मिठी मारली, सोवळं मोडलं म्हणून तिने माझी पाठ शेकली.

वाटणीच्या आधी एक गोष्ट मात्र ती कधी चुकू देत नसे. रास अर्धी-अर्धी करायच्या आत, वरच्या वर, गावच्या कामकऱ्यांचा वाटा काढायचा. लोहार, सुतार, कुंभार, धोबी, न्हावी, सगळ्यांना त्यांची त्यांची न मळलेल्या भाताची पेंढी. आपल्याकडे बलुतं म्हणतात तेच. कोइरी त्यात हात आखडता घ्यायला बघे आणि न्हाव्याच्या पेंढीला तर दर वर्षी हरकत घेई. म्हणे, माझी दाढी महिन्याने एकदा करतो, माईजी, तुमचं तर तो काही कामच करत नाही, त्याला आपल्या दोघांच्या वाट्यातून कशाला? आत्या तिथे कुणाचं ऐकत नसे. न्हाव्याची पेंढी ती स्वतःच्या हाताने बांधे आणि चांगली जाड बांधे. मला वाटे, दानधर्माची आवड. मी पंडितांच्या घरातली, मला दुसरं काय वाटणार.

माझं लग्न दुर्गाघाटावर झालं. म्हणजे गल्लीतून चालत गेलं तर माहेरी डाळ शिजेपर्यंत जाऊन येता येईल इतक्या लांब. आजोबा त्यानंतर गेले. घरात, हवे तसे, वेदघोषात. ते सुटले याबद्दल कुणाला शंका नव्हती. आत्या तेव्हा अंत्यदर्शनाला आली, तेरा दिवस राहिली, डोक्यावरून पदर जरासुद्धा ढळू दिला नाही, आणि चौदाव्या दिवशी होडीत बसली.

मग एका मार्गशीर्षात मल्लाहाने निरोप आणला की माईजींना ताप आहे, आणि तो उतरत नाही. आमच्या माहेरी एकच हलकल्लोळ झाला. आत्याची काळजी वाटली असेल, मी नाही म्हणत नाही. पण बोलणं सगळं वेगळंच चाललं होतं. ज्या घरात अख्ख्या दक्षिणेतून लोक आपल्या मेलेल्यांना मोक्ष मिळवून द्यायला येतात, त्या घरातली बहीण पार मेली तर यजमान काय म्हणतील? काखेत कळसा आणि गावाला वळसा. रामघाटावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिला आणायलाच हवी, आणि जिवंत आणायला हवी. वडील तेव्हा संधिवाताने अंथरुणाला खिळलेले होते. काका निघाले. अंगाला हात लावायला बाईमाणूस हवं म्हणून मला बोलावणं आलं.

आत्या खोलीबाहेर उन्हात खाटेवर होती. ओळखू येत नव्हती इतकी वाळली होती, पण डोळे तेच. समोर खळ्यावर रास घातलेली. तिने आम्हाला बघितलं आणि कशाला आलात ते ओळखलं. काकांनी गोड बोलून पाहिलं, वैद्य बोलावलाय म्हणाले, सगळी आठवण काढतात म्हणाले. शेवटी खरं तेच बोलले, की अक्का, काशीत चल, इथे काही झालं तर तुझा मोक्ष हुकेल.

"अरे, मोक्ष म्हणजे पुन्हा यायचं नाही, असंच ना?" आत्याने विचारलं.

काका म्हणाले, हो, तेच तर.

"मग तो तुम्हाला लखलाभ. तुमचं सगळं जगून झालंय, तुम्ही सुटा. माझं कुठे सुरू झालं होतं? मला परत यायचंय."

मोक्ष नको म्हणणारं माणूस काकांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, अक्का, गाढवाचा जन्म येईल.

"गाढव तर गाढव. इथली गाढवं संध्याकाळी सोडतात तरी. मला तुमच्याकडे कोण सोडत होतं?"

एवढं बोलून ती दमली आणि डोळे मिटून पडली. मी काकांना म्हटलं, राहू द्या तिला, मी राहते तिच्याजवळ. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खाटच बोलली. लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या मोक्षात तोंड घालू नये. त्यांनी कोइऱ्याला गाडी जुंपायला सांगितली. तापाने आत्याच्या अंगात विरोध करायची ताकद नव्हती. खाटेसकट तिला गाडीत घातली. कोइरी एकदाच म्हणाला, की माईजींची मर्जी नाही, महाराज. पण जमीन महाराजांची होती.

गाव मागे पडलं, वाळू ओलांडली. होडीचं नाक वाळूवर ओढून ठेवलेलं होतं. त्या टोकाला खाट ठेवली आणि मी आत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आता निघायचं, एवढ्यात काकांचं लक्ष होडीकडे गेलं. मोठी होडी होती, पूर्ण भाडं ठरलेलं, आणि मागचा भाग रिकामाच. तिकडे खळ्यावर नवा तांदूळ पडलेला, आणि इथून पुढे तो राखायला आत्या नाही. काका ज्ञानी होते, पण तांदूळ त्यांनाही कळत होता. त्यांनी गाडी परत पिटाळली, आपला वाटा भरून आण म्हणून. पारच्या जमिनीवर काही बरंवाईट व्हायला नको म्हणून ते स्वतः गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. मार्गशीर्षाचं पाणी. ओठ निळे पडले, पण काका तिथून हलले नाहीत.

गाडी आली, पोती उतरली, आणखी आहे म्हणून गाडी पुन्हा गेली. ऊन पिवळं झालं. आत्या जागी झाली. आम्ही कुठे आहोत ते तिने बघितलं, पोती बघितली, आणि मला जवळ ओढून विचारलं, "न्हाव्याची पेंढी दिलीत ना?"

काकांनी कुणालाच काही दिलं नव्हतं. मी म्हटलं, दिली आत्या, चांगली जाड दिली. तिने बरं म्हटलं. घाम पुसावा म्हणून मी तिच्या डोक्यावरचा पदर जरा मागे सारला, आणि माझा हात तिथेच थांबला. आत केस होते. पांढरे शुभ्र, मऊ, मानेपर्यंत आलेले, नीट विंचरून मागे बांधलेले. न्हावी तिचं काही काम करत नाही, हे कोइरी दर वर्षी सांगतच होता. त्याच न केलेल्या कामाचं बलुतं ती त्याला देत होती, आणि आमच्यासारख्या दीडशहाण्यांना ते दानधर्म वाटत होतं.

गाडी पुन्हा आली. कोइऱ्याने होडीत डोकावून बघितलं, मग काकांपुढे जाऊन हात जोडले. "महाराज, सूरज डूबत बा." या वेळी त्याचा आवाज रडवेला होता. उभ्या आयुष्यात ज्या वाक्यावर काका धोतर सावरत धावले, त्या वाक्याला त्यांनी पहिल्यांदाच नकार दिला. म्हणाले, थांब रे, ही एवढी पोती काय इथेच टाकून जाऊ?

सूर्य बुडाला. पोती चढत होती. माझ्या मांडीवर आत्याचं डोकं एकाएकी जड झालं. होडी वाळूवरच होती, दोर खुंटीलाच होता. मी तिच्या छातीवर हात ठेवून बघितलं, नाकापाशी बोट धरून बघितलं. मग तिच्या केसांवरून पदर पुढे ओढला, घट्ट खोचला, आणि काकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, झोप लागलीय. मल्लाहाने एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. मग दोर सोडून तो वल्हं मारायला लागला. काका सबंध नदीभर मोठ्याने नाम घेत होते, आत्याच्या कानात पडावं म्हणून.

रामघाटाच्या पायरीला होडी लागली तेव्हा मी ओरडले की गेली. आंघोळ मीच घातली, दार लावून, कुणाला आत येऊ दिलं नाही. घाटावरचे शास्त्री जमले आणि त्यांनी एकमताने सांगितलं, की पायरीला होडी लागावी आणि प्राण जावा, असं पुण्य पाहायला मिळत नाही. काका पुढे कितीतरी वर्षं यजमानांना ही गोष्ट सांगत. सांगता सांगता ती वाढत गेली. शेवटी शेवटी तर आत्या हात जोडून, मला काशीला न्या म्हणून रडत होती. दक्षिणा त्या गोष्टीनंतर बरी पडे.

आता काकाही गेले. घरात, पहाटे, तोंडात गंगाजल, सगळं यथासांग. ते सुटले. पुन्हा येणार नाहीत, आणि त्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. पण सुगीच्या दिवसांत पारची होडी लागायची वेळ झाली की मी दुर्गाघाटावरून चालत जाते आणि रामघाटाच्या पायऱ्यांवर उभी राहते. माणसं उतरतात, पोती उतरतात, बकऱ्या उतरतात, कधी एखादं गाढव उतरतं. मी सगळ्यांकडे नीट बघून घेते.